मदत हवी आहे : 'जालना मधील भाव' आणि हरवलेलं 'शेतकऱ्यांसाठी' पान

मांजराकाठ :

नमस्कार मंडळी. लातूरला आडत दुकानांसाठी एक लहानसं वेब ॲप करायलोय. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या ठिकाणचे सोयाबीन, तूर, हरभरा, कापसाचे रोजचे भाव : आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. एवढंच. जँगोत (पायथनमधली वेब ॲप बनवायची चौकट) आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आणि त्यावर मराठी. आता नांदेडचा एक व्यापारी म्हणतो हिंदी पण पाहिजे.

आतला मजकूर सरळ झाला. अडलंय ते दोन ठिकाणी, पानाचं शीर्षक आणि यूआरएल. एक नीट करायलो तर दुसरं बिघडायलंय.

शीर्षकाचं असं की इंग्रजीत एकच साचा होता आणि त्यात गावाचं नाव घालायचं. मराठीत मी '(गाव) मधील (पीक) चे भाव' केलं. आता वर दिसतं 'जालना मधील तूर चे भाव'. ज्यांच्यासाठी बनवतोय ते आडतवाले काका परवा म्हणाले, "हे मधील मधील काय लावलंय रे? तहसीलची नोटीस आहे का?" उत्तर सुचलं नाही.

यूआरएलचे हाल तर विचारू नका. रूटना (म्हणजे पत्त्यांच्या साच्यांना) भाषांतरासाठी गेटटेक्स्ट_लेझी लावलं, पत्त्याला भाषेचा उपसर्ग जोडणाऱ्या आय१८एन_पॅटर्न्सखाली घातलं, मराठी रूट चालू झाले, मी खूश. मग पिकांच्या नावांना स्लगिफाय लावलं (नावाचा पत्त्यात बसणारा तुकडा, म्हणजे स्लग, करणारं फंक्शन), देवनागरी राहावी म्हणून अलाऊ_युनिकोड चालू ठेवून. सोयाबीनचं झालं 'सयबन', कापसाचं 'कपस' आणि तुरीचं 'तर'. सगळ्या काना-मात्रा गायब.

मागच्या आठवड्यात मेकमेसेजेस आणि कंपाइलमेसेजेस (भाषांतराच्या फाइली गोळा आणि तयार करणाऱ्या आज्ञा) परत चालवलं तर दोन मराठी रूट आपोआप इंग्रजी झाले. व्हॉट्सॲप गटांत फिरलेले सगळे जुने दुवे ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'.

आणि सगळ्यात डोकं खाल्लं ते 'शेतकऱ्यांसाठी' या पानानं. दुकानाच्या फलकावर पेंटरकडून पत्ता मराठीतच लिहून घेतलाय. काही जणांच्या मोबाइलवर पान उघडतं, काही जणांच्या नाही. तेच अक्षर, तेच स्पेलिंग. मी स्वतः चार वेळा टाइप करून बघितलं, माझं उघडतं.

यूआरएलचं भाषांतर करूच नये का? का मीच काही चुकायलोय?

बालाघाटी :

उलट्या क्रमानं घेतो, कारण फलकाचं कोडं मला आधीच सुटलंय. तुमचं 'शेतकऱ्यांसाठी' दोन तऱ्हेनं टाइप होतं. काही कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये यू+०९३१. काही ठिकाणी मात्र साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, असं लिहिलं जातं. हे बघा : शेतकऱ्यांसाठी आणि शेतकर्‍यांसाठी. डोळ्याला एकच, मशीनला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) लावून बघाल, पण ते या दोघांना एक करत नाही. म्हणून पत्ता जुळवायच्या आधी 'र + हलन्त + जोडक' दिसलं की 'ऱ + हलन्त' करून टाका, स्वतःच्या हातानं.

'सयबन'चं कारण वेगळं. स्लगिफाय आतून पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची खूणभाषा) वापरतं आणि त्यातली 'बॅकस्लॅश-डब्ल्यू' ही खूण फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर धरते. आपल्या मात्रा, अनुस्वार, हलन्त युनिकोडच्या हिशोबात 'मार्क' आहेत, अक्षरं नाहीत. त्यामुळे सगळे झाडून बाहेर. 'तूर'ची 'तर' झाली हे निदान दिसलं तरी. उद्या दोन वेगळ्या नावांचा स्लग एकच झाला तर एक पान दुसऱ्याच्या जागेवर बसेल. स्वतःचं छोटं फंक्शन लिहा, पायथनच्या युनिकोडडेटात ज्यांची कॅटेगरी 'एम'नं (म्हणजे मार्क) सुरू होते ती चिन्हं राहू द्या. आणि जँगोच्या पाथमधला (पत्त्याच्या साच्यातला) 'स्लग' कन्व्हर्टर फक्त रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर घेतो, तिथे 'एसटीआर' घाला.

रूट इंग्रजी झाले त्याला 'फझी' म्हणतात. तुम्ही मूळ इंग्रजी शब्दात कुठेतरी थोडा बदल केला असणार. मेकमेसेजेसनं जुनं भाषांतर अंदाजानं चिकटवलं आणि वर फझीची खूण मारली. कंपाइलमेसेजेस फझी ओळी सोडून देतं. मजकुरात असं झालं तर एक ओळ इंग्रजी दिसते, रूटमध्ये झालं तर पत्ताच बदलतो. शीर्षक आणि रूट एकाच शब्दावर टांगले असतील तर तेही वेगळे करा. पीगेटटेक्स्ट_लेझीनं रूटना वेगळा संदर्भ द्या, नाहीतर कोणी शीर्षक सुधारायला जाईल आणि पत्ता मोडेल.

माझं मत विचाराल तर रूट रोमनमध्येच ठेवा. मराठी पत्ता क्रोममधून कॉपी करून चिकटवला की टक्क्यांची माळ होते. 'सोयाबीन'मध्ये युनिकोडची ७ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, आणि प्रत्येक बाइटचे टक्क्यासकट ३ वर्ण. म्हणजे नुसत्या सोयाबीनचे ६३ वर्ण. मराठी एसएमएसमध्ये एका संदेशात ७० वर्णच बसतात. भाव कुठे लिहिणार?

शुद्धलेखन_ताई :

मी भाषांतराचं काम करते, कोड फारसा कळत नाही. पण शीर्षकाचं माझ्याकडून घ्या.

मराठीत नामाला प्रत्यय लागायच्या आधी त्याचं सामान्यरूप होतं, आणि ते प्रत्येक शब्दाचं आपापलं असतं. जालना – जालन्यातले. परभणी – परभणीतले. लातूर – लातुरातले, इथे ऊ ऱ्हस्व झाला. पिकांचं तर अजून मजेशीर : सोयाबीनचे, तुरीचे, कापसाचे, हरभऱ्याचे. इंग्रजीत एक शब्द बदलून भागतं, आपल्याकडे साच्यात मूळ नाव टाकलं की तुमच्या काकांना नोटीस वाटणारच.

गावं आठ, पिकं चार. बारा नावं. प्रत्येकासमोर तक्त्यात दोन रकाने करा, एक मूळ नाव आणि एक सामान्यरूप. 'जालन्या', 'तुरी', 'हरभऱ्या' हे हातानं भरा. पानावरच्या मोठ्या मथळ्यात सामान्यरूप वापरा : 'जालन्यातले तुरीचे भाव'. ब्राउझरच्या टॅबमध्ये जे शीर्षक दिसतं तिथे मात्र प्रत्ययच टाळा : 'तूर, जालना : आजचे भाव'. सहा टॅब उघडे असले की प्रत्येकाची सुरुवातच दिसते, तिथे 'आजचे' सहा वेळा वाचून काय करायचं? पीक आधी पाहिजे.

(आणि हो, 'हरभऱ्या' लिहितानाही तोच अर्धा र आहे. जपून.)

रोमन रूटबद्दल बालाघाटी यांचं पटलं नाही. रोमनमध्ये तरी एकवाक्यता कुठे आहे? तूरला कोणी एकही 'ओ' लावत नाही, कोणी दोन लावतं. हरभऱ्यात कोणी 'एच' दोनदा घालतं, कोणी एकदा. फलकावरून बघून लिहिणाऱ्याला देवनागरीच सोपी. गूगलसुद्धा वाचकाच्या भाषेतले शब्द यूआरएलमध्ये वापरा असंच सांगतं.

बालाघाटी :

ताई, मान्य. मग मधला रस्ता. पत्त्यात आकडा घाला आणि निर्णय त्याच्यावर सोडा : 'भाव/१४/सोयाबीन'. पान शोधायचं ते १४ वरून, पुढचा शब्द शोभेला. शब्द चुकला, मात्रा गळली, र दुसऱ्या जातीचा निघाला, तरी १४ सापडतो आणि ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) देऊन बरोबर पत्त्यावर पाठवता येतं. एसएमएसमध्ये शब्द गाळूनच टाका, नुसता आकडा द्या.

हिंदीचं बटण दाबल्यावर होणारा घोळही यातच मिटतो. जँगो भाषा बदलताना रूटचं भाषांतर करतं, पण आत दिलेलं पिकाचं नाव तसंच पुढे नेतं. हिंदी पानावर 'कपास'ऐवजी 'कापूस' येईल. आकडा असला की चालतं. भाषेचा उपसर्ग मात्र काढू नका. 'भाव' हा शब्द मराठीतही तोच आणि हिंदीतही तोच, उपसर्गाशिवाय जँगोला पत्त्यावरून भाषा कळणार कशी?

अजून एक विचारतो. ॲप कधीपासूनचं आहे? पत्त्यांत गावांची नावं असतील तर २०२३ आधीचे औरंगाबाद आणि उस्मानाबादचे दुवे अजून फिरत असतील.

मांजराकाठ :

दादा, तुम्ही मनातलं ओळखलं. २०२१ पासूनचं आहे. नावं बदलली तेव्हा मी शोध-आणि-बदल करून मोकळा झालो होतो, जुने दुवे मेले ते मेलेच. आता आठही गावांना आकडे दिले आणि जुन्या नावांचा वेगळा तक्ता केला, त्यावरून ३०१.

ताई, दोन रकाने भरले. काकांना 'जालन्यातले तुरीचे भाव' दाखवलं तर म्हणाले, "हां, आता आपल्यावानी झालं." मग लगेच विचारलं की लातूर खाली का, वर का नाही. तो क्रमवारीचा वेगळा धागा काढतो.

अर्ध्या र चं फंक्शन लावून चार मोबाइलवर बघितलं, चारही उघडले. फलकावर आकडा घालायला पेंटरला बोलावलं होतं. तो म्हणतो आकडा लिहायचा तर अख्खी ओळ पुसून नव्यानं रंगवावी लागेल, त्याचे पैसे वेगळे. म्हणून फलक तसाच ठेवला आणि तो एक जुना पत्ता हातानं वळवलाय.