सोन्याचा क्रूस: ब्रायनचं म्हणणं खरं होतं का?

कोरडवाहू:
९ जुलै १८९६, शिकागो, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. नेब्रास्काचा ३६ वर्षांचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन भाषणाच्या शेवटी गरजला, मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर खिळू देणार नाही! आणि दोन्ही हात आडवे पसरून तसाच उभा राहिला. आधी सगळे चिडीचूप, मग नुसता कल्लोळ. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी खिशात.

त्याची मागणी अशी, की चलन नुसत्या सोन्याला बांधू नका, चांदीचे डॉलरही पाडू द्या. लोकांना ते नाटक आठवतं, मला त्यातला हिशोब पटतो. १८७३ च्या कायद्याने चांदीच्या डॉलरची खुली टाकसाळ, म्हणजे कुणीही चांदी नेऊन डॉलर पाडून घ्यायची सोय, बंद झाली. पीक वाढलं, माणसं वाढली, सोनं त्या मानाने वाढलं नाही, म्हणून भाव पडत गेले. गहू डॉलरला बुशेल (धान्याचं एक माप) असताना हजार डॉलर कर्ज काढलं तर हजार बुशेलांत फिटतं. गहू अर्ध्या डॉलरवर आला की दोन हजार लागतात. व्याज वेगळंच. चांदी खुली करा म्हणणारा शेतकरी काय चुकला?

ताळेबंद:
असहमत. मागणी १६ ला १ या दराने होती, म्हणजे १६ औंस चांदी बरोबर एक औंस सोनं, ते गाळलंत. बाजारात तेव्हा एक औंस सोन्याला तीसेक औंस चांदी मिळे. म्हणजे अर्ध्या डॉलरची चांदी टाकसाळीत टाका, अख्खा डॉलर घेऊन या. मग सोनं कोण बाहेर काढेल? खाणमालकांची दिवाळी आणि गिरणी कामगाराची भाकरी महाग. ब्रायनचा रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकिन्ली २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक मतांनी निवडून आला तो उगाच नाही.

कोरडवाहू:
प्रचारप्रमुख मार्क हॅनाने मॅकिन्लीसाठी उभा केलेला पैसाही मोजा की! ब्रायन बिचारा रेल्वेने हजारो मैल वणवण करत होता.

जुनी_पेटी:
थोडं आपल्याकडचं. २६ जून १८९३ ला मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. तोवर चांदी न्यायची, घडणावळ कापून रुपये आणायचे. रुपया म्हणजे एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी. पुढे रुपया वर धरून ठेवला, चांदी मात्र घसरली. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईने पायातले तोडे मोडायला नेले, तर तोळ्याला रुपया कुठला यायला! शेतसारा मात्र रुपयातच. त्यामुळे मी कोरडवाहूंच्या बाजूने.

ताळेबंद:
तोड्यांचा मुद्दा मान्य. पण आंबेडकरांनी १९२३ च्या प्रबंधात रुपयाच्या या व्यवस्थेवर झोड उठवली, तरी चांदी खुली करा असं नाही म्हटलं. उलट रुपये पाडायची मुभा सरकारलाही नको, असा त्यांचा आग्रह. शिवाय अमेरिकेत भाव चढले ते दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल आणि कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याने. चांदीची गरजच पडली नाही.

कोरडवाहू:
अहो, मग ब्रायनचंच निदान खरं ठरलं ना! चलन वाढलं, भाव सावरले. क्लोंडाइकला सोनं सापडलं भाषणानंतर पाचेक आठवड्यांनी. जुलैत हप्ता थकलेल्या शेतकऱ्याने काय करायचं होतं, पंचांग बघायचं?

ताळेबंद:
निदान खरं, औषध जहाल. १६ ऐवजी ३० म्हणाला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.