राणीच्या बागेत आधी पेंग्विन की आधी दगडी हत्ती?

भायखळाकर:
राणीच्या बागेत (म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात) आलेली बहुतेक कुटुंबं फाटकातून सरळ पेंग्विनकडे धावतात. १८६५ चा ससून घड्याळमनोरा, १८७२ चं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याच्या आवारातला घारापुरीचा हत्ती बघायचा राहूनच जातो. माझं म्हणणं, सुरुवात हत्तीपासूनच करा. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, आणि तुकडे जोडून इथे उभा राहिला तो थेट १९१४ मध्ये. मुलांना जवळ नेऊन सांधे शोधायला लावा.

चिमण्यांची आई:
नाही पटलं. बाग साडेनऊला उघडते, संग्रहालय दहाला. लहान मुलं बरोबर असतील तर पहिला अर्धा तास पेंग्विनचाच. रविवारी उशीर झाला की काचेपर्यंत पोचायलाच रांग. संग्रहालय दुपारी करावं, डोक्यावर छप्पर असतं. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, हे आधीच सांगायला हवं होतंत. बुधवारी दोन्ही बंद.

भायखळाकर:
वेळेचं मान्य. पण दुपारपर्यंत पोरं पेंगतात, मग संग्रहालयाच्या दारातून माघारी. ओतीव लोखंडाचे खांब आणि मिंटन फरश्या (इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या रंगीत नक्षीच्या) बघायला ताजे डोळे लागतात हो.

जुनी मुंबई:
दक्षिण मुंबईतल्या फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो मूळ काळा घोडा या बागेतच आहे, हे दोघांनीही सांगितलं नाही! प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे सातवा एडवर्ड) हा अश्वारूढ पुतळा १८७९ चा. १९६५ मध्ये तो फोर्टातून हलवून इथे आणला. तिथे २०१७ मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वार नाही. आधी तो बघा, मग इथे या, फरक लगेच कळतो. काही जण म्हणतात, साहेबांचे पुतळे कशाला बघायचे? मला वाटतं, बघावेतच. राज्य गेल्यावर शहराने त्यांचं काय केलं, हाही आपलाच इतिहास.

पानफूल:
पुतळे, पेंग्विन सगळं ठीक, पण ही मुळात झाडांची बाग आहे आणि झाडांकडे कुणी मान वर करत नाही. गोरखचिंचेचं खोड बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर उर्वशी शोधा: ब्रह्मदेशातलं झाड, लालभडक फुलांचे झुंबरासारखे लोंबते घोस, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. कोवळी पानं तर मरगळल्यासारखी खाली लोंबतात. झाड वाळलं असं समजून लोक पुढे जातात. पावसाळ्यात या फुलांसाठी येऊ नका, हाती काही लागणार नाही.

चिमण्यांची आई:
उर्वशी पटली. तरी पेंग्विन पहिला!