पहिल्या वर्षाला आपटलेल्यांनी डॉक्टर व्हायचंच नाही का?

शेवटचा_बाक

काल खडूस_मास्तर यांनी लिहिलं होतं: "ज्यांना इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झेपलं नाही, त्यांनी नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) रांगेत घुसून ताज्या मुलांच्या जागा अडवू नयेत." तिथे दोन ओळी खरडल्या, पण रात्री झोप येईना. म्हणून वेगळा धागा.

मास्तर, त्या रांगेत मी होतो. २०१६ ला बारावी, गणित आणि बायो दोन्ही घेतलेलं. घरात काकांनी ठरवलं, मेकॅनिकल. पहिल्या सेमला चार विषय उडाले, दुसऱ्याला त्यात भर. राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षाला जाऊ देणाऱ्या एटीकेटीतही बसलो नाही, सरळ वायडी, म्हणजे वर्ष गेलं. घरी सांगायची हिंमत नव्हती. दोन महिने डबा घेऊन निघायचो, पीएमटीच्या पासावर दिवसभर फिरायचो आणि संध्याकाळी रिकामा डबा घासायला टाकायचो. आईला कळलं तेही डब्यावरूनच. मी कॉलेजातल्या एवढ्या गप्पा मारायचो, पण एकदाही कुणाला भाजी आवडल्याचं सांगितलं नव्हतं.

नीट दोनदा दिली. २०१९ ला सरकारी कॉलेज मिळालं. आता सरकारी सेवेच्या बाँडवर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. नीटच्या अर्जात "आधी किती विषय राहिले" असा रकाना नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक वजा. बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीवला ४०. वयाची वरची अटही २०२२ मध्ये गेली. ज्यांची परीक्षा आहे ते विचारत नाहीत, मग तुम्ही का विचारता?

खडूस_मास्तर

विचारतो, कारण बावीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय. तुम्ही पोचलात म्हणून धागा काढलात. न पोचलेले धागे काढत नाहीत, ते माझ्या घरी येतात. एकाने चार ड्रॉप घेतले, म्हणजे चार वर्षं फक्त नीटच्या तयारीत घालवली. चौथ्यानंतर त्याचे वडील येऊन म्हणाले, "सर, आता तुम्हीच सांगा त्याला." मी काय सांगू?

मार्कांची गंमत बघा. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जण ७२० पैकी ७२०. २०२५ ला देशात पहिला आलेला ६८६ वर. "मागच्या वर्षी थोडक्यात हुकलं, अजून एक वर्ष" म्हणणाऱ्यांनी कुठल्या वर्षाचं थोडक्यात धरायचं?

आणि समजा मिळालं. पहिल्या एमबीबीएसला चार प्रयत्न, सगळा कोर्स नऊ वर्षांत. तिथे वायडी म्हणून सुटका नाही. अभ्यासाची सवय नसेल तर ॲनाटॉमी मेकॅनिकलपेक्षा दयाळू नाही.

शेवटचा_बाक

सवय नव्हती असं कोण म्हणालं? आवड नव्हती. ड्रॉईंगच्या शीटपुढे माझा हात थरथरायचा, डिसेक्शनला नाही थरथरला.

फुकटचा_सल्ला

आरक्षणामुळे तुम्हाला

(मूळ प्रतिसाद अर्धवटच पडला आहे. उरलेला येऊ नये ही प्रार्थना. - शेवटचा_बाक)

फुकटचा_सल्ला

बरं, ते जाऊ दे. कामाचं सांगतो. ड्रॉप घेऊन परत बारावीला बसायचा विचार असेल तर मुलाला क्लाससाठी राजस्थानात कोट्याला पाठवू नका. साडूच्या पोराने तिथून बारावी केली. डोमिसाईल महाराष्ट्राचं, दहावी पुण्याची, पण बारावी बाहेरची म्हणून राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांतून बाद. उरल्या अखिल भारतीय १५ टक्के. साडू अजून माझ्याशी बोलत नाही, कारण कोटा मीच सुचवलं होतं.

वैतागलेला_बाप

तुम्ही दोघं आवड आणि सवय करत बसा. माझ्या पोरीने गेल्या वर्षी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला, चार महिन्यांत म्हणाली, बाबा, नीट द्यायची आहे. मी तयार, तिची आई तयार. कॉलेज तयार नाही! एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), दहावी-बारावीचे मूळ मार्कशीट त्यांच्या कपाटात. म्हणतात, उरलेल्या तीन वर्षांची फी भरा आणि न्या. नीटला बसायला दाखला लागत नाही, पण प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद टेबलावर लागतात. मग काय झेरॉक्स दाखवू?

काळा_चहा

विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या यूजीसीचं २०१८ चं परिपत्रक आहे, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजांवरची एआयसीटीईही म्हणते, सोडून जाणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागायची नाही. प्रिंट काढून न्या.

वैतागलेला_बाप

नेली ना. खिडकीतला माणूस म्हणाला, "हे दिल्लीचं आहे, आपलं ऑफिस इथलं आहे."

खिडकी_क्र_३

मी अशाच एका ऑफिसात बसतो. दुसरी बाजू ऐका. पोरगं सीट घेतं, डिसेंबरात सोडतं. ती सीट मग रिकामी. विनाअनुदानित कॉलेजात त्या फीवरच मास्तरांचे पगार आहेत, आमचेही. तुमच्या मुलीच्या 'आवडी'पायी आमच्याकडे तीन महिने पगार नव्हता.

वैतागलेला_बाप

माझ्या मुलीमुळे तुमचा पगार थकला?! संस्थाचालकांनी दारात नवी गाडी उभी केली ती कुणाच्या फीतून?

खिडकी_क्र_३

गाडी मी घेतलेली नाही. शिव्या मात्र मी खातो. वरून आदेश असतो "तोंडी सांगा, लेखी देऊ नका". मग आईवडील माझ्या खिडकीवर मूठ आपटतात.

काळा_चहा

म्हणजे नियम मोडतो हे माहीत आहे आणि लेखी न देण्याची हुशारीही आहे. छान. कबुलीजबाबाबद्दल धन्यवाद.

खिडकी_क्र_३

तुम्ही सरकारी नोकर दिसता. एक तारखेला पगार होणाऱ्याची नीतिमत्ता नेहमीच कडक असते.

न्यूजर्सीकर

तुम्हाला निदान दाखला मिळाला की सुटका आहे. इथे माझ्या मुलीचा पहिल्या वर्षाचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ४ पैकी २.४. रूममेटशी भांडणं, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत डी. तोच विषय परत घेऊन ए काढला, तरी मेडिकलच्या अर्जात दोन्ही ग्रेड धरतात. ऑस्टिओपॅथीवाले (इथली डॉक्टर व्हायची दुसरी वाट) आधी फक्त नवी ग्रेड धरायचे, २०१७ पासून तेही बंद. आता पदवीनंतर पुन्हा विज्ञानाचे विषय घेतेय, शिवाय एमकॅट ही प्रवेश परीक्षा, शिवाय "पहिल्या वर्षी काय झालं" यावर निबंध. तुमच्याकडे तीन तासांत पाटी कोरी होते.

फुकटचा_सल्ला

अमेरिका आली. आता धागा पावन झाला.

न्यूजर्सीकर

साडूंना नमस्कार सांगा.

खडूस_मास्तर

पाटी कोरी होणं ही चांगली गोष्ट आहे असं सगळे धरून चाललेत. न्यूजर्सीकरांच्या मुलीला निदान चार वर्षांचा आलेख दाखवता येतो. आमच्याकडे मेच्या एका दुपारी मुलाला ताप आला की वर्ष गेलं. शेवटचा_बाक यांनी पहिल्या प्रयत्नाचे मार्क लिहिले नाहीत, हे लक्षात आलं का कुणाच्या?

शेवटचा_बाक

आलं असेलच, मास्तर आहात. खूप कमी होते. त्या रात्री घरी कुणी जेवलं नाही. काका म्हणाले, "मेकॅनिकलच बरं होतं." दुसऱ्या वर्षाची क्लासची फी आईने पाटल्या मोडून भरली. हे वर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा, आईच्या पाटल्या. म्हणा आता.

खडूस_मास्तर

नाही म्हणत.

मेसवाल्या_काकू

मी लातूरला मेस चालवते. रिपीटर पोरं ताटावरून ओळखू येतात. नवीन पोरं भाजीला नावं ठेवतात, रिपीटर खाली मान घालून जेवतात आणि ताट स्वतः उचलतात. एक जण इंजिनिअरिंग सोडून आला होता, त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, महिन्याचे आधी दिले तर मधे सोडल्यावर परत देता का?" मी म्हटलं, देते. त्याने तीनदा विचारलं. कशाला ते आज या दाखल्याच्या भांडणावरून कळलं. तो डॉक्टर नाही झाला, फिजिओथेरपीला गेला. नागपंचमीला फोन करतो.

खडूस_मास्तर

काकू, तुमच्या मेसवर आलोय मी, वरण पातळ असतं. बाकी पटलं. "जागा अडवू नये" हे शब्द मागे घेतो. ज्याला मिळाली त्याची जागा. पण तिसऱ्या ड्रॉपला पोर आलं तर मी अजूनही नाहीच म्हणणार, आणि शेवटचा_बाक यांचा धागा त्याला दाखवणार नाही.

शेवटचा_बाक

तिसऱ्याला मीही नाही म्हणेन. पहिल्याला तुम्ही नाही म्हणालात म्हणून हा सगळा खटाटोप.

खिडकी_क्र_३

वैतागलेला_बाप, तोंडी मागत राहिलात तर दिवाळी येईल. प्रवेश रद्दचा लेखी अर्ज, दोन प्रती, प्राचार्यांच्या नावे. आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक पडला की तो कागद कपाटात नाही जिरवता येत. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका.

काळा_चहा

बघा, कडक नीतिमत्ता.

वैतागलेला_बाप

आज गेलो होतो. शिक्का मारणारा जेवायला गेला होता, दोन तास बसलो. आवक क्रमांक मिळाला. दाखला नाही. शनिवारी या म्हणालेत.