२२ महिने, शब्द कमी, हाकेला ओ नाही: नेमकं काय पाहावं?

बालवाडीताई
पाळणाघरात २२ महिन्यांचा मुलगा आहे. शब्द सातआठ, तेही कधी येतात, कधी नाही. हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाचा पुडा वाजला की दुसऱ्या खोलीतून धावत येतो. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठाकडे नेतो. आजी म्हणतात, याचा मामाही चौथ्या वर्षी बोलला. आईवडिलांशी बोलण्याआधी काय काय टिपून ठेवू? ‘ऑटिझम’ हा शब्द मी काढणार नाही.

शब्दवेध
शब्द मोजत बसू नका, बोट बघा. बोट दोन कारणांनी उठतं: ‘ते दे’ आणि ‘ते बघ’. खिडकीत कबुतर आलं, मुलानं बोट केलं आणि लगेच वळून तुमच्या तोंडाकडे पाहिलं, की हे दुसरं बोट. साधारण दीड वर्षापर्यंत ते दिसायला हवं. नुसतं उशिरा बोलणारं मूल शब्दांची उणीव बोटानं, मानेनं, चेहऱ्यानं भरून काढतं; ऑटिझममध्ये ही भरपाईच कमी पडते. मनगट धरून नेताना तो तुमच्याकडे बघतो का?

साबणाचे फुगे आणा. दोनतीनदा फुंका, झाकण घट्ट लावा, बाटली त्याच्या हातात द्या आणि दहा सेकंद गप्प बसा. इथेच चुकतं, तिसऱ्या सेकंदाला आपणच ‘अजून हवं?’ विचारतो. बाटली परत देऊन तोंडाकडे बघतो, तुमचा हात झाकणावर नेऊन ठेवतो, की बाटलीच फिरवत बसतो? लिहून ठेवा. वेगवेगळ्या दिवशी तीनचारदा करा. झोप आली असेल किंवा भूक लागली असेल तेव्हा नको.

हाक मागून मारा, चारपाच फुटांवरून, हात न लावता, टीव्ही बंद करून. घरी काय म्हणतात तेही विचारा. सोन्या, पिल्लू, बाळा आणि पाळण्यातलं नाव, सगळंच चालू असेल तर हाकेच्या परीक्षेला अर्थ नाही.

कानोसा
पुडा ऐकू आला म्हणून कान ठीक, असं धरू नका. काही आवाज नीट येतात आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’ निसटतात, असं होतं. आधी ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद बघतात), मग गरजेप्रमाणे बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात). ओएई पास झाली तरी कानाच्या नसेचा दोष त्यात सुटू शकतो. बेरा या वयात झोपेत करतात, म्हणून त्या दिवशी मुलाला लवकर उठवायचं आणि वाटेत झोपू द्यायचं नाही. रिक्षात डुलकी लागली की बेराची वेळ वाया.

चाळणी
एमचॅट-आर ही ऑटिझमची जोखीम चाळणारी प्रश्नावली आईवडिलांकडून भरून घ्या. १६ ते ३० महिन्यांसाठी, २० प्रश्न. गुण ०–२ कमी जोखीम, ३–७ आले तर पुढची प्रश्नावली, ८ किंवा जास्त तर थेट तज्ज्ञांकडे. गोची अशी की २, ५ आणि १२ या प्रश्नांना ‘हो’ला गुण, बाकी सगळीकडे ‘नाही’ला. शिवाय एकदाच केलेल्या गोष्टीलाही पालक ‘हो’ लिहितात. विचारलंय ते नेहमीचं वागणं. ही चाळणी आहे, निदान नाही. निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ करतात, तेही मुलाला पाहून. ऑटिझम एमआरआयमध्ये दिसत नाही. खर्चाची अडचण असेल तर आरबीएसके या सरकारी बालआरोग्य कार्यक्रमाचं पथक डीईआयसीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी तपासणी-उपचार केंद्राकडे पाठवतं.

आणि कुणी ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ (म्हणजे लक्षणं नुसती स्क्रीनमुळे आलीत) म्हणून तीन महिने मोबाईल बंद ठेवून वाट बघा म्हटलं, तर मोबाईल जरूर बंद करा, वाट मात्र बघू नका.

बालवाडीताई
आभार. त्या सातआठ शब्दांत एक ‘येते’ आहे. मुलगा असून ‘येते’, हे लक्षण धरायचं का?

शब्दवेध
नाही. दिवसभर आई किंवा तुम्ही कानावर असता, तो तेच उचलणार. त्यापेक्षा आधी येणारा एखादा शब्द पूर्ण बंद झालाय का ते आईला विचारा. झाला असेल तर कधीपासून ते लिहून घ्या, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगा.