इमेजिंगच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं की यूएसबी कीबोर्ड-माउस बंद, सल्ला हवा

चोपडेकर
नमस्कार मंडळी. चोपड्याला माझा टायपिंगचा क्लास आहे, १४ पीसी. १० जुने एच६१ मदरबोर्डाचे, ४ नुकतेच सेकंडहॅन्ड घेतलेले एच११० बोर्डाचे. सगळ्यांत हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकतोय. एका जुन्या पीसीवर विंडोज ७ आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर नीट बसवून त्याची इमेज, म्हणजे सबंध डिस्कची हुबेहूब नक्कल, घेतली, ती बाकीच्यांवर उतरवायची आहे. सॉफ्टवेअर ७ च्या पुढे चालत नाही आणि क्लासला नेट जोडलेलं नाही, म्हणून ७ च ठेवलंय.
जुन्या दहांचं काम झालं. नव्या चारांवर पेनड्राइव्हने बूट होतं, म्हणजे पीसी तिच्यावरून सुरू होतो, इमेज उतरवायच्या प्रोग्रामची खिडकी येते, पण कीबोर्ड दाबून काही होत नाही आणि माउसचा बाण मधोमध थिजलेला. तीन कीबोर्ड बदलून पाहिले, सगळ्या पोर्टांत लावून पाहिले. मुलांची परीक्षा तोंडावर आहे. नवीन कीबोर्ड घेऊ का? कुठला घ्यावा?

गिरणाकाठ
भाऊ, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) लेगसी यूएसबी सपोर्ट बंद असेल, ते चालू करून बघा. फास्ट बूट चालू असेल तर तेही बंद करा. माझ्याकडे चाळीसगावला एका पीसीत तेच निघालं होतं.

भुसावळकर
कीबोर्ड विकत घेऊ नका, तीन कीबोर्ड एकदम बिघडत नाहीत. आधी दोन गोष्टी सांगा. पेनड्राइव्ह निवडायच्या बूट मेन्यूत बाणाच्या कळा चालतात का? आणि ती पेनड्राइव्ह कधी, कुठल्या विंडोजवरून बनवली होती?

चोपडेकर
बूट मेन्यूत व्यवस्थित चालतात. लेगसी सपोर्ट चालू आहे, फास्ट बूट बंद केलं, फरक नाही. पेनड्राइव्ह फार जुनी आहे, विंडोज ७ च्या काळातली.

भुसावळकर
मग दुखणं सापडलं. कीबोर्ड कुठपर्यंत चालतो आणि कुठे बंद पडतो ते नीट पाहिलं की अर्धं काम होतं.
बायोस आणि बूट मेन्यूपर्यंत कीबोर्ड बायोसच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, चालतो. पेनड्राइव्हवरची सिस्टिम सुरू झाली की ती यूएसबी कंट्रोलर (पोर्ट सांभाळणारा बोर्डावरचा भाग) आपल्या ताब्यात घेते. तिच्याकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर कीबोर्ड तिथेच अबोल होतो.
तुमच्या एच६१ बोर्डांत यूएसबी २.० चा जुना ईएचसीआय कंट्रोलर आहे, तो विंडोज ७ ओळखतं. इंटेलने २०१५ मध्ये १०० सिरीजचे चिपसेट (बोर्डाच्या मुख्य चिप) आणले तेव्हा तो काढून टाकला. एच११० त्याच घरातला. तिथे निळा पोर्ट असो की काळा, सगळे एक्सएचसीआय कंट्रोलरवरच जातात. विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळातच नाही, तो विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आला. म्हणून तुम्ही पोर्ट कितीही बदलले तरी उपयोग झाला नाही.
उपाय सोपा आहे. विंडोज १० असलेल्या एखाद्या पीसीवर त्याच प्रोग्रामची नवी रेस्क्यू पेनड्राइव्ह (पीसी सुरू करून इमेज उतरवायची) बनवा. नाहीतर क्लोनझिला हा इमेजिंगचा प्रोग्राम घ्या, फुकट आहे, लिनक्सवर चालतं, त्याला हे पोर्ट दिसतात. फक्त ताजी आवृत्ती उतरवा. आणि तुमची घेतलेली इमेज ज्या प्रोग्रामची आहे ती त्यालाच उघडता येईल, म्हणून क्लोनझिला धरलंत तर इमेज पुन्हा घ्यावी लागेल.

तापीकाठची
मी धुळ्याला कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते, भुसावळकर दादांशी सहमत. माझं मत क्लोनझिलाला. त्यात माउस लागतच नाही, बाण, स्पेस आणि एंटर यांवर सगळं होतं. बूट होताना सगळं रॅममध्ये लोड करायचा पर्याय येतो, तो निवडा. एकदा लोड झालं की पेनड्राइव्ह काढता येते आणि एक पोर्ट मोकळा होतो. दोन-तीन पोर्टांच्या पीसीवर हे फार कामाला येतं.
एक कळकळीने सांगते. कीबोर्ड चालत नाही असं वाटलं की माणूस एंटर पुन्हा पुन्हा दाबतो. तसं करू नका. कधीकधी कीबोर्ड जिवंत असतो, प्रोग्रामच डिस्क वाचण्यात अडकलेला असतो, आणि मागे दाबलेले एंटर नंतर एकदम लागू होतात. मग कुठली डिस्क पुसली जाईल याचा भरवसा नाही. आधी नमलॉक दाबा. दिवा लागला-विझला तर कीबोर्ड चालू आहे, थांबा. दिवा हललाच नाही तर कीबोर्डचा सिस्टिमशी संपर्कच तुटलाय. आणि शेवटचा होकार देण्याआधी दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि आकार वाचा.

चोपडेकर
ताई, नमलॉकची युक्ती लगेच करून पाहिली, दिवा हलत नाही. म्हणजे भुसावळकर भाऊंचंच बरोबर. आज रात्री नवी पेनड्राइव्ह बनवतो.

चोपडेकर
नवी पेनड्राइव्ह विंडोज १० वरून बनवली. कीबोर्ड-माउस दोन्ही चालले! पहिल्या पीसीवर इमेज उतरली. पण आता दोन नव्या अडचणी. वायरलेस माउस अडखळत चालतो, बाण उड्या मारतो. आणि विंडोज ७ सुरू झालं की लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड पुन्हा बंद.

तापीकाठची
माउसचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) आणि इमेज ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क शेजारच्या निळ्या पोर्टांत आहेत का? यूएसबी ३.० ची डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि वायरलेस माउस त्याच पट्ट्यावर बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. डोंगल पुढच्या बाजूला लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने लांब न्या. इमेजिंगला खरं तर वायरचाच जोड ठेवावा. डिस्क आणि कीबोर्ड एकाच बिनाअडॅप्टरच्या हबवर (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) लावू नका, डिस्क वीज ओढते आणि कीबोर्ड मध्येच गळतो.

भुसावळकर
लॉगिनची अडचण तीच, फक्त जागा बदलली. आता पेनड्राइव्ह नवी आहे, पण इमेजमधलं विंडोज ७ जुनंच, त्याला एक्सएचसीआय कळत नाही.
बोर्डाच्या मागे गोल पीएस-२ पोर्ट आहे का बघा, बऱ्याच एच११० बोर्डांवर अर्धा जांभळा अर्धा हिरवा असतो. तिथे जुना गोल पिनचा कीबोर्ड लावा, पण पीसी बंद असताना. चालू पीसीत तो काढू-लावू नये. त्याने लॉगिन करा आणि बोर्डाच्या सीडीवरचा यूएसबी ३.० ड्रायव्हर टाका. सीडी ड्राइव्ह नसेल तर पेनड्राइव्हवरून टाकावा म्हणाल, पण विंडोज ७ मध्ये ती दिसणार नाही हे लक्षात घ्या. ड्रायव्हरचं फोल्डर आधीच नव्या रेस्क्यू पेनड्राइव्हने बूट करून सी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.
पीएस-२ नसेल तर त्याच रेस्क्यूमध्ये कमांडची खिडकी उघडून डिझम या विंडोजच्याच साधनाच्या ॲड-ड्रायव्हर कमांडने तो ड्रायव्हर बंद विंडोजमध्ये थेट घालता येतो. तिथे तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई नावाने दिसू शकतो, आत विंडोजचं फोल्डर आहे ना ते पाहूनच कमांड द्या.

गिरणाकाठ
गोल पिनचा कीबोर्ड जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जुन्या मालात विचारून बघा. नाही मिळाला तर माझ्याकडे एक पडून आहे, चाळीसगावहून एसटीने पाठवतो. घाई नका करू भाऊ, व्हई जाई काम.

चोपडेकर
कीबोर्ड शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळाला, त्याच्या माळ्यावर होता. तुमचा राहू द्या, पण विचारलंत त्याबद्दल मनापासून आभार. फोल्डर आधी कॉपी केलं, मग पीएस-२ ने लॉगिन, ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं आणि यूएसबी कीबोर्ड लागला. त्या पीसीची आता नवी इमेज घेतली, म्हणजे उरलेल्या तिघांना पुन्हा हे करायला नको. दोन झाले, बाकीचे उद्या सकाळी, लाइट जायच्या आत.