मांजरी बुद्रुक: गाव म्हणायचं की पुणे?

फाटकाअलीकडचा:
भाचीला शाळेत निबंध आलाय, 'माझे गाव'. पहिल्याच ओळीला अडली: तालुका हवेली लिहू की पुणे शहर? मी म्हटलं, हवेलीच लिही. द्राक्ष संशोधन केंद्र इथं, 'मांजरी नवीन' या द्राक्षाला नाव आपल्या गावाचं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथंच. जून 2021 मध्ये एका अधिसूचनेनं 23 गावं महापालिकेत घातली म्हणून माणूस शहरी होत नाही. ग्रामपंचायत गेली तशी सरपंचाच्या दारात जाऊन भांडायची सोयही गेली. बरं, नगरसेवक धरावा म्हटलं तर मार्च 2022 मध्ये त्यांचीच मुदत संपली आणि 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक बसला. विलीन होऊन मिळालं काय?

सातवा मजला:
दादा, निबंधात टँकरही लिहायला सांगा. आमच्याकडे पहाटे पाचला येतो, त्याच्या मोटारीनं अख्खी सोसायटी उठते. बिल्डरनं 'रिव्हर व्ह्यू' म्हणून फ्लॅट विकला. नदी दिसते, खोटं नाही. उन्हाळ्यात जलपर्णीखाली शोधावी लागते इतकंच. पण बोळासारख्या रस्त्यांवर इमारती उभ्या राहिल्या त्या तुमच्या ग्रामपंचायतीच्या काळातच ना?

फाटकाअलीकडचा:
ताई, एवढ्या मोठ्या इमारतीची परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात नव्हतीच. 2015 पासून ते पीएमआरडीएकडं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडं गेलं. विलीन झाल्यावरही या गावांचं नियोजन सरकारनं त्यांच्याकडंच ठेवलं. म्हणजे घरपट्टी एकाला आणि नकाशा दुसऱ्याकडं, अशी गत झाली.

शेकडा:
दोघंही थांबा जरा. मी अजून माळवं करतो. इथल्या बाजार समितीच्या उपबाजारात कोथिंबीर-मेथी नेतो, मधे दलाल नाही, किरकोळवाला समोर उभा राहून शेकड्याचा भाव ठरवतो. घेणारं गिऱ्हाईक सगळं शहरातलं. शहर नको म्हणून मला कसं चालंल?
आणि गाव बाहेरच्यांनी नाही मोडलं. आमच्या चुलत्यानं गुंठा-गुंठा पाडून रान विकलं तेव्हा मोजणीच्या फितीचं एक टोक मीच धरलं होतं. चुन्यानं रेघा मारल्या, रस्त्याला बारा फूट सोडले. त्यातले तीन फूट एकानं ओट्यात घेतले, मग समोरच्यानं पायरीत घेतले. आता ड्रेनेजच्या खोदाईला जेसीबी आला तर तोंडाशीच अडून बसतो. त्याला महापालिका काय करील न् सरपंच काय करील?

पूलकर:
फुरसुंगी-उरुळी देवाचीसारखं करावं. 2017 ला महापालिकेत गेली, कराची ओरड झाली, शेवटी बाहेर पडून स्वतःची नगरपरिषद मिळाली.

सातवा मजला:
आणि पाणी कुठून आणणार? पाटी बदलून टँकर बंद होत असता तर मी स्वतः रंगवून दिली असती.

फाटकाअलीकडचा:
काका, तुमचं लागलं मला. आमच्याही वाडग्याचे प्लॉट झालेत, सातबाऱ्यावर नावांची माळ आहे नुसती. तरी तालुका हवेलीच लिहायला सांगणार.

सातवा मजला:
काका, तो बाजार किती वाजता असतो? मेथी हवी होती.

शेकडा:
दुपारनंतर या. एक जुडी मिळायची नाही ताई, शेजारणींना घेऊन या.