१०० गिगावॉट झाले, पण आमच्या गच्चीचं काय?

मनीषनगरचा फ्लॅटवाला: सकाळी आमच्या नागपूरच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला : "देशात सोलर १०० गिगावॉटच्या पुढे गेलं. ज्याच्या घरावर अजून पॅनल नाही, तो आळशी." आळशी हा शब्द झोंबला म्हणून लिहितोय. २०१५ मध्ये ठरलं होतं की २०२२ पर्यंत सोलर १ लाख मेगावॉट, म्हणजे हेच १०० गिगावॉट, त्यातले ४० हजार छतांवरून. एकूण आकडा गाठायला २०२५ उजाडलं आणि छतांचं उद्दिष्ट २०२२ ला जवळपासही नव्हतं. भरले ते राजस्थान-गुजरातचे माळ. आमच्याकडे १६ फ्लॅट, एक गच्ची, आणि बिल्डरने ती अजून सोसायटीच्या ताब्यात दिलेली नाही. मी आळशी कसा?

प्रतापनगर: माळांना नावं ठेवू नका. राजस्थानात भडल्याच्या सोलर पार्कला २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ४४ पैशांची बोली लागली, तेव्हा कुठे सोलर कोळशापुढे उभं राहिलं. नाहीतर कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्राची राख आपण खातोच आहोत. मी ३ किलोवॉट बसवलं, ७८ हजार सबसिडी आली, एप्रिलचं बिल नावापुरतं. कडुनिंबाची सावली येत होती, तो तोडला तेवढंच.

नंदनवनची ताई: तेवढंच? किती वर्षांचा होता?

प्रतापनगर: असेल २५-३० वर्षांचा. झाड माझं, अंगण माझं.

नंदनवनची ताई: शहरात १९७५ चा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही परवानगी लागते. आमच्या शेजाऱ्याने असंच केलं. माझ्या सासूबाई त्या निंबाखाली बाज टाकून दुपार काढायच्या. झाड गेलं त्या उन्हाळ्यात त्यांची खोली इतकी तापली की दुसरा कूलर घ्यावा लागला. एकाने वीज वाचवली, दुसऱ्याची वाढली. कोणता हिशेब हा?

प्रतापनगर: प्रत्येक गोष्टीत झाड आणता तुम्ही! मग कोळसाच जाळत बसू का?

वायरमन भाऊ: भांडू नका बाप्पा. मी रोज हीच कामं करतो. पॅनलचं रेटिंग, म्हणजे त्यावर लिहिलेली ताकद, पॅनल २५ अंशांवर असताना मोजलेली असते. मे महिन्यात आपल्या इथं पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे १४-१५ टक्के वीज तिथंच गेली. आणि सावलीसाठी झाडच तोडावं लागतं असं नाही. स्ट्रक्चर दोन-तीन फूट वर घ्या, फांद्या छाटा. साहेबांना हे कोणी सांगितलं नसेल.

प्रतापनगर: नाही सांगितलं. वेंडर म्हणाला, झाड काढा, पुढचं मी बघतो. ठीक आहे, परवानगी घ्यायला हवी होती.

काटोलचा संत्रावाला: तुमचं छत आणि झाड चालू द्या. आमच्याकडे पाळीने रात्रीची लाइन यायची. बाबा बॅटरी घेऊन बागेत ओलित करायचे, एकदा पायाजवळून घोणस गेली. आता सोलर पंपावर दिवसा पाणी देतो. १०० गिगावॉट मला नाही समजत, बाबा रात्री घरी झोपतात हे समजतं.

मनीषनगरचा फ्लॅटवाला: काटोलवाल्या भाऊंचं मान्य, अगदी मनापासून. पण माझा प्रश्न तिथेच आहे.

वायरमन भाऊ: सोसायटीला लिफ्ट-पंपासाठी किलोवॉटमागे १८ हजार सबसिडी आहे, ते पाहिलं का?

मनीषनगरचा फ्लॅटवाला: पाहिलं. अर्जावर सोसायटीचा ठराव लागतो, आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली बिल्डरच्या माणसाकडे आहे. रविवारी १६ घरांच्या सह्या घेऊन त्याच्या ऑफिसात जातोय. कोणी हे केलं असेल तर सोबत काय काय कागद नेऊ ते सांगा.

नंदनवनची ताई: मंजूर नकाशाची प्रत न्या. आणि गच्चीवर कुंड्या असतील तर त्यांना जागा ठेवा.